मुस्कानचा दुपारचा आकडा

बुधवार, १४ मे, दुपारचे बारा वाजून वीस मिनिटे. अंथुर्ण्याच्या शिवारातल्या एका शेतघराच्या ओसरीवर ग्लुकोमीटरच्या पडद्यावर ३८६ हा आकडा उमटला आणि मागे रांगेत उभ्या असलेल्या मुलांची कुजबुज थांबली. मशीनपुढे बसलेली मुस्कान दहा वर्षांची होती. कोणी काही विचारण्याआधीच ती म्हणाली, "मी काय बी खाल्लं न्हाय."

शिबिर टाइप वन मधुमेह असलेल्या मुलांचे होते. या आजारात शरीर इन्सुलिन बनवणे बंद करते. ते बाहेरून टोचावे लागते, आणि किती टोचायचे हे बोटातून काढलेल्या रक्ताच्या थेंबावरून ठरते. आकडा मोठा, तर मात्रा मोठी. आकडा खरा आहे, हे त्यात गृहीत धरलेले असते.

मी मुस्कानच्या गटाची ताई होते. मलाही हाच आजार आहे. शिबिरात ही गोष्ट डॉक्टरांखेरीज कोणालाही ठाऊक नव्हती. निदान माझी तशी समजूत होती.

*

माझ्या निदानाच्या दिवसाबद्दल आधी सांगायला हवे, कारण संशय घेण्याची माझी सवय त्या दिवशी पक्की झाली. बारामतीत बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. विषय सूक्ष्मजीवशास्त्र. वजन उतरत होते, तहान भागत नव्हती, आणि मी दोन्हींचे कारण उन्हाळा असे ठरवून टाकले होते. प्रयोगशाळेतच भोवळ येऊन पडले. रुग्णालयात बोट टोचले, तेव्हा साखर मशीनच्या मोजण्याच्या मर्यादेपलीकडे गेली होती. आकडा आलाच नाही. मी गुंगीतसुद्धा म्हणाले, "पुन्हा करा. दुसऱ्या कोणाचा नमुना असेल."

डॉक्टरांनी न चिडता दुसरे बोट टोचले. तोच निकाल. पुढे तेच माझे डॉक्टर झाले. पुन्हा मोजायला तयार असलेल्या माणसावर विश्वास ठेवायला हरकत नाही, इतकीच सवलत मी त्यांना दिली.

अतिदक्षता विभागातल्या दिवसांची भीती मला क्रमाने आठवत नाही. आठवते ते छताचे पांढरे चौकोन, तासातासाने टोचली जाणारी बोटे, आणि एक मावशी, जिने मला न विचारता माझ्या गुंतलेल्या केसांची वेणी घातली आणि जाताना म्हणाली, "आता शानी दिसतीस." वेणी घातल्यावर मी पहिल्यांदा रडले. त्याआधी रडायला वेळच मिळाला नव्हता.

घरी, माळेगावला, वेगळी परीक्षा होती. वडील साखर कारखान्यात नोकरीला. शेजारच्या काकू दारातच म्हणाल्या, "कारखान्याच्या वसाहतीत राहून पोरीनं साखर लई खाल्ली जनू." टाइप वनचा साखर खाण्याशी संबंध नसतो, हे मी त्यांना समजावू लागले, तेवढ्यात आईने माझा हात दाबला. त्या गेल्यावर दार लावून ती म्हणाली, "अनुजा, नुसता अशक्तपणा होता म्हणायचं. पुढं स्थळं बघायची आहेत."

"मला पीएच.डी. करायची आहे."

"ती कर की. पण लोकांना कशाला सांगायचं?"

तेव्हापासून आमच्या फ्रिजमध्ये इन्सुलिन कोथिंबिरीच्या डब्यात राहू लागले. सुई मी न्हाणीघरात टोचू लागले. कोणाचा साखरपुडा असो, बारसे असो, हातावर ठेवलेला पेढा नाकारता येत नाही. नाकारला की कारण विचारतात. म्हणून मी तो हसून घ्यायचे, मुठीत धरायचे आणि सगळ्यांची नजर चुकवून रुमालात बांधायचे. हे छापून आल्यावर आईला काय वाटेल, याचा अंदाज मला आहे. तरीही लिहीत आहे, कारण त्या रुमालाचा पुढे संबंध येतो.

*

डॉक्टरांनी शिबिराला बोलावले, तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, "खर्च कोण करतं?"

"देणगीदार."

"कोणते? सुया विकणारे?"

"तू शिबिराला येतेस की चौकशी आयोग नेमतेस?" ते म्हणाले. "दोन डॉक्टरमित्र आहेत, एक शेतकरी कुटुंब जागा देतं. पटलं तर ये."

पटले नव्हते. तरी होकार दिला, आणि तो निव्वळ सेवाभावाने दिला असे म्हणणार नाही. बेंगळुरूच्या एका संस्थेतली पीएच.डी.ची मुलाखत तोंडावर आली होती आणि अर्जात असा अनुभव शोभून दिसतो, हा हिशेब मनात होता. मी दोन अटी घातल्या: माझा फोटो काढायचा नाही, आणि मला हा आजार आहे हे कोणाला सांगायचे नाही. डॉक्टरांना दुसरी अट आवडली नाही. "मुलांना मोठं झालेलं कोणीतरी दिसायला हवं," ते म्हणाले. पण त्यांनी ती मान्य केली.

शेतघराच्या फाटकावर फलक होता: 'छोट्या योद्ध्यांचे स्वागत'. आजारी मुलांना योद्धा म्हणणाऱ्या लोकांबद्दल मला नेहमीच शंका येते. लढायचे की नाही हे विचारून कोणी या मुलांना रणात उतरवलेले नसते. शिवाय हरलेल्या दिवशी योद्ध्याने काय करायचे, हे फलकावर लिहिलेले नसते.

त्या फलकाखालीच मुस्कानचे वडील रशीदभाई भेटले. इंदापूरच्या बाजारात त्यांचे किराणा आणि गुळाचे दुकान. पालकांनी शिबिरात राहायचे नाही, असा नियम होता, आणि तो त्यांना अजिबात रुचला नव्हता.

"फुकटात आजकाल कुनी पानी पाजत न्हाय, ताई. ह्येच्यात कायतरी हाय," ते म्हणाले. माझ्याच मनातले वाक्य त्यांच्या तोंडून ऐकून मला बरे वाटले. मग त्यांनी डोळे बारीक केले. "तुमी इंदापूरच्या मोरे गुरुजींची भाची न्हव का? मामाचं किराना आमच्याकडनंच जातंय."

मी हो म्हणाले आणि पर्स घट्ट धरली. पर्समध्ये माझे इन्सुलिन टोचायचे पेन होते. रशीदभाईंना कळलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत मामाच्या ओसरीवर पोचली असती.

त्यांनी आवाज खाली आणला, पण इतका नाही की शेजारी उभ्या असलेल्या मुलीला ऐकू जाऊ नये. "एक सांगून ठिवतो. पोरगी चोरून खाती. दुकानातला गूळ. कवा बी मोजा, तीनशेच्या वर. कपाटाला कुलूप लावलं, तरी त्येच. वर शाळंत दोनदा पडली. मास्तर म्हनले, नाटक करती. तुमी नजर ठिवा."

मुस्कान पायाच्या अंगठ्याने मातीत रेघ ओढत होती. तिने वर पाहिले नाही.

*

मी नजर ठेवली. हे काम मला जमते.

शिबिराची दिनचर्या साधी होती. सकाळी तपासणी, सुई, नाश्ता; मग डाळिंबाच्या बागेत किंवा कालव्याकडेच्या झाडांखाली खेळ; दुपारी परतल्यावर पुन्हा तपासणी, सुई, जेवण. पाण्याचा नळ गोठ्यापलीकडे होता, आणि भुकेल्या मुलांना तिकडे पाठवले की रांग मोडायची. म्हणून सिस्टर प्रत्येकाच्या तळहातावर सॅनिटायझरचा थेंब टाकत आणि बोट टोचत. काम झटपट होई.

अडचण जेवणाची नव्हती. अडचण मंदाकाकूंची होती. शेतघर त्यांचे, आणि उन्हातून दारात आलेल्याला गूळ-पाणी दिल्याशिवाय आत घेणे त्यांच्या रीतीत बसत नव्हते. पहिल्याच दुपारी त्या ताटात गुळाची अख्खी ढेप आणि तांब्या घेऊन आल्या.

"काकू, या मुलांना गूळ चालत नाही," सिस्टर म्हणाल्या.

"ठाव हाय मला. पर पोरं दारात आल्यात. नुसत्या पान्यावर कशी घिऊ?"

"रीत महत्त्वाची की तब्येत?"

"दोनी," काकू म्हणाल्या, आणि ताट मागे घेईनात. शेवटी तोडगा त्यांनीच काढला. गूळ मुलांच्या तळहातावर ठेवायचा, मुलांनी तो गोठ्यातल्या कालवडीला घालायचा. रीत राहिली, पथ्यही राहिले. कालवडीचे तर भाग्य उजळले.

ढेप फोडायला काकू उठल्या, तेव्हा मुस्कान पुढे झाली. "द्या हिकडं. तुमी फोडता त्यात चुरा लई हुतोय."

"तुला येतं व्हय गं?"

"दुकानदाराची हाय मी."

खरेच, तिने खलबत्त्यातल्या बत्त्याचे दोन घाव घातले आणि सारखे खडे पाडले. मग चुरा बोटांनी गोळा करून कालवडीच्या जिभेवर ठेवला. तेव्हापासून ते काम तिचेच झाले. इतर मुले एक खडा देऊन पळून जात. ती शेवटपर्यंत थांबे आणि रांगेतही शेवटी लागे.

आकडे असे येत होते: सकाळी उपाशीपोटी तिची साखर उत्तम, आणि दुपारी तीनशेच्या पलीकडे. सिस्टरांचा निष्कर्ष उघड होता. कालवडीला घालता घालता पोरगी स्वतःही खाते. तिची पिशवी उलटी करून पाहिली गेली. केसांच्या पिना, एक गोष्टीचे पुस्तक आणि दादाने दिलेली शिट्टी निघाली. मुस्कानने सगळे परत नीट भरले. सवय असल्यासारखे.

बुधवारी मी ठरवून गोठ्याच्या खांबाशी उभी राहिले. ढेप फोडल्यापासून रांगेत येईपर्यंत माझी नजर तिच्यावरून हलली नाही. तिचा हात तोंडाकडे एकदाही गेला नाही.

आणि तरीही मशीन म्हणाले, ३८६.

*

आधीच्या दुपारी मात्रा बेताचीच ठेवली होती; आज सिस्टर इन्सुलिनच्या पेनवर पूर्ण मात्रा फिरवू लागल्या. पेन फिरताना होणारी बारीक टकटक मला झोपेतही ओळखू येते. तिचे वय आणि वजन पाहता ती बराच वेळ चालू राहिली.

मुस्कानने बाही वर केली. "टोचा," ती म्हणाली. "टोचल्यावर मी पडते. मग समदे म्हनतेत, नाटक करती."

त्या वाक्याने मी उठले. तीनशेच्या वर माझी साखर अनेकदा गेली आहे. तेव्हा तोंडात कापूस भरल्यासारखे होते, डोके जड होते, समोरचा माणूस नकोसा वाटतो. ही मुलगी नुकतीच कालवडीशी गप्पा मारून आली होती. काकूंनी दिलेला पाण्याचा तांब्या तिने अर्धाच पिऊन ठेवला होता. इतक्या साखरेच्या मुलीने तो गटागटा संपवून दुसरा मागितला असता. आणि तिच्या फ्रॉकच्या कडेवर, जिथे तिने हात पुसले होते, तिथे मुंग्या चढत होत्या.

मला माझा रुमाल आठवला. पेढा न खाताही, कितीही पुसली तरी, चिकट राहणारी बोटे आठवली.

"थांबा," मी म्हणाले. "सुई देऊ नका."

"ताई, जेवण खोळंबलंय."

"मुलीवर संशय घेऊन झाला. आता आकड्यावर घेऊ या."

सिस्टरांचा चेहरा कडवट झाला. आवाज ऐकून डॉक्टर आतून आले. मी एवढेच म्हणाले, "सॅनिटायझरने जंतू मरतात. साखर बोटावरच राहते. साबणाने हात धुवून पुन्हा मोजू या." डॉक्टरांनी मुस्कानच्या हाताचा वास घेतला आणि तिला स्वतः नळावर नेले.

दुसऱ्या बोटातला थेंब. सगळी मुले मशीनवर वाकली होती. ७४.

"आता गं बया," काकू म्हणाल्या, "मशीन बिगाडलं का?"

"मशीन ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. त्यांनी सिस्टरांच्या हातून पेन घेतले, मात्रा उलटी फिरवत शून्यावर आणली आणि ते टेबलावर ठेवले. चौऱ्याहत्तरवर ती मात्रा गेली असती, तर मुस्कान तासाभरात बेशुद्ध झाली असती. साखर उतरत कुठे थांबली असती, हे मला सांगता येत नाही.

नंतर ओसरीवर बसून डॉक्टरांनी तिला विचारले, "घरी साखर कुठे मोजता?"

"दुकानात. शाळंतनं आले की गिऱ्हाईक आसतं. मी गुळाच्या पुड्या बांधते. मग अम्मी मशीन आनती."

"हात धुतेस?"

"अम्मी कापूस लावती. इस्पिरिटातला, वासाचा."

डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "ही माझ्याकडेच येते. हिचा तीन महिन्यांचा सरासरी अहवाल दर वेळी चांगला यायचा. मी तो बाजूला ठेवला आणि घरचे आकडे खरे धरले. डोस मीच वाढवत गेलो."

मुस्कानला अहवालात रस नव्हता. तिने एकच विचारले, "मग आता माझी पिशवी न्हाय ना बघनार?"

*

हे लिहिण्याचे व्यावहारिक कारण इथे सांगते. ज्या घरात हा आजार आहे, त्यांनी बोट टोचण्याआधी साबण आणि पाणी वापरावे. पाणी दूर असेल तर दूर जावे. आकडा आणि मूल परस्परविरोधी बोलू लागले, तर मुलाला खोटे ठरवण्याआधी आकडा दुसऱ्यांदा तपासावा. एवढे करायला विज्ञानाची पदवी लागत नाही.

शिबिराबद्दलचे माझे संशय सगळे फिटले, असेही नाही. फलकावरचे योद्धे मला अजून खटकतात. पण जिथे एका मुलीला एक गोष्ट पुन्हा मोजून मिळाली, ती जागा मी खोटी म्हणणार नाही.

*

शेवटच्या दिवशी रशीदभाई मोटारसायकलवरून आले. शिबिराने फुकट ठेवून घेतले, तर आपण रिकाम्या हाताने कसे जायचे, म्हणून गोणपाटात गुंडाळलेली गुळाची ढेप काकूंसाठी खांद्यावर घेऊन आले. गोणपाट सोडून ती त्यांनी स्वतःच काकूंच्या ताटात ठेवली. डॉक्टरांनी त्यांना सगळे समजावून सांगितले. ते ऐकून घेतल्यावर ते हसले.

"डाक्टरसाहेब, तुमी पोरीची बाजू घेताय. चांगलं हाय. पर मशीन खोटं बोलत न्हाय. मानूस बोलतो."

"तुमचं बोट द्या," मी म्हणाले.

"माजं? मला काय झालंय?"

"काही झालेलं नसेल, तर घाबरायचं कशाला?"

त्यांनी बोट पुढे केले. नेहमीप्रमाणे सॅनिटायझरचा थेंब, मग सुई. रशीदभाई स्वतःच आकडा वाचायला वाकले. ३४२.

त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. ते ओसरीच्या पायरीवर बसले. "मला बी? ...न्हाय, न्हाय. काय तरी चुकतंय. अवो, सकाळधरनं च्या बी घेतला न्हाय मी. शपथ. मी काय बी खाल्लं न्हाय!"

मुस्कान खांबाला टेकून उभी होती. "मी पन ह्येच म्हनत हुते, अब्बा."

काकू म्हणाल्या, "रशीदभाई, आता तुमच्या कपाटाला कुनी कुलूप लावायचं?"

ते उठून नळावर गेले. हात धुतले, परत आले, पुन्हा मोजले: ९८. त्यांनी तो आकडा पाहिला. साबण तसाच दुसऱ्या हातात होता. मुस्कानला मनगटाला धरून नळावर नेले आणि तिची बोटे एकेक करून घासू लागले.

"अब्बा, हळू. कातडं निघंल."

"निघू दे," ते म्हणाले. "किती वर्सं गं पोरी... किती वर्सं मी..."

"दीड," मुस्कान म्हणाली. हिशेबाला ती पक्की होती.

तिची साखर आली १२१. वडिलांनी मशीनला उन्हापासून आडोसा करून आकडा दोनदा वाचला. मग मुस्कानने ओले हात फ्रॉकला पुसले, आणि माझ्याकडे वळली.

"ताई, आता तुजा."

"माझा काय?"

"मला पयल्या दिवशीच कळलंय. जेवायच्या आधी तू न्हानीत जाती, आन् येताना पोटावर कुडता चोळती. मी बी तसंच चोळते."

रशीदभाईंनी मान वर केली. इंदापूरचा बाजार, मामाची ओसरी, आईचा फोन, कोथिंबिरीचा डबा, हे सगळे त्यांच्या डोळ्यांत मला एकदम दिसले. नाही म्हणता आले असते. दहा वर्षांच्या मुलीला खोटे ठरवणे किती सोपे असते, हे त्या ओसरीवर सगळ्यांनी नुकतेच पाहिले होते.

मी पर्समधून माझे मशीन काढले आणि नळावर गेले. साबण दोनदा लावला. परत येऊन हात मुस्कानपुढे धरला. तिने सफाईने बोट टोचले, थेंब पट्टीला लावला आणि मशीन सगळ्यांना दिसेल असे ओसरीच्या कठड्यावर ठेवले. डॉक्टर, सिस्टर, काकू, रशीदभाई आणि रांगेतली सगळी मुले वाकली. त्या दिवशी तरी तो आकडा दाखवण्यासारखा यावा, अशी माझी फार इच्छा होती.

हात स्वच्छ धुतलेले होते, त्यामुळे संशयाला जागा नव्हती. २११.